नागपुरात फ्लॅटलँड बीएमएक्स: आधी उतरायला शिका

२२ वर्षांनी खऱ्या बीएमएक्स सायकलवर बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी हँडलवरून पुढे जाऊन कोपर सोलून घेतलं. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढचा आणि डावा मागचा असतो. माझी सायकल जुनी, बाहेरदेशातून आलेली. तिला नेमकं उलट होतं. वेग कमी करावा म्हणून सवयीनं डावा दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं, मी मात्र थांबलो नाही. सोसायटीचा चौकीदार धावत आला आणि म्हणाला, "साहेब, पोट्ट्यांसारखं काय करून राहिले?"

तेव्हा मी ३९ चा होतो, आता ४२ चा आहे. मधल्या काळात माझी १३ वर्षांची भाचीही शिकायला लागली. तिला साधी सायकल चालवता येत होती, बाकी काही नाही. त्यामुळे कोऱ्या पाटीनं सुरू करणारं माणूस आणि मोठ्या खंडानंतर परतलेलं माणूस, दोन्ही मी जवळून पाहिलीत. नागपुरात फ्लॅटलँड, म्हणजे सपाट जमिनीवरच्या सायकलच्या कसरती, शिकवणारं कोणी मला तरी सापडलं नाही. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण पाय ठेवायचे पेग बसवायला कुठला पाना लागतो आणि मे महिन्यात सराव किती वाजता करायचा, हे त्यात कोणी सांगत नाही. जे मला चुकून चुकून कळलं, ते इथं क्रमानं लिहितो.

१. हे नेमकं काय आहे ते आधी बघा

बीएमएक्स म्हटलं की लोकांना उड्या आठवतात. फ्लॅटलँडमध्ये उडी नाही, रॅम्प नाही, पायरी नाही. सपाट जमीन, २० इंची चाकं, आणि दोन्ही चाकांच्या एक्सलच्या, म्हणजे मधल्या दांड्याच्या, टोकांना लावलेले नळीसारखे पेग. त्या पेगवर उभं राहून सायकल एका चाकावर फिरवायची, तिच्याभोवती आपण फिरायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. वेग जवळजवळ चालण्याइतकाच असतो, म्हणून हाडं मोडण्याची भीती रॅम्पपेक्षा कमी. नडगी मात्र रोज फुटते.

ऑलिंपिकचं नाव कोणी काढलं तर गोंधळू नका. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला तो रॅम्पवरचा 'पार्क' प्रकार. फ्लॅटलँड ऑलिंपिकमध्ये नाही. सायकलिंगची जागतिक संघटना युसीआय हिनं २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडूच्या अर्बन सायकलिंग जागतिक स्पर्धेत फ्लॅटलँडला जागा दिली. आजचा दर्जा बघायचा असेल तर फ्रान्सच्या मॅथियास दांद्वाचे आणि जपानी मुलामुलींचे व्हिडिओ बघा. फक्त ते बघून दुसऱ्या दिवशी तेच करायला जाऊ नका.

२. सायकल: इथंच बहुतेकांचे पैसे बुडतात

बर्डीपासून इतवारीपर्यंत कुठल्याही दुकानात 'बीएमएक्स' मागा, दुकानदार २० इंची, जाड टायरची लहान मुलांची सायकल पुढे करतो. दिसायला बरोबर असते, हँडलला फोमची पट्टीही असते. ती घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिच्यावर काय होणार नाही ते माहीत असू द्या.

मुद्दा एक्सलचा आहे. फ्रीस्टाइलसाठी बनलेल्या सायकलचा एक्सल १४ मिलिमीटर जाड असतो. साध्या सायकलचा जेमतेम ९-१० मिलिमीटर. पेगवर उभं राहिलं की तुमचं सगळं वजन चाकाच्या मधोमध न पडता एक्सलच्या बाहेर निघालेल्या टोकावर पडतं. बारीक एक्सल ते सोसत नाही. मी परतलो तेव्हा आधी पैसे वाचवायला म्हणून साधी सायकल घेतली, लेथवाल्याकडून लोखंडी पेग करून घेतले आणि खुशीत लावले. तिसऱ्या दिवशी मागचं चाक चालताना एकीकडून दुसरीकडे डुलायला लागलं. सायकलवाल्यानं हब उघडला, छर्रे तळहातावर ओतले, एक्सल जमिनीवर ठेवून घरंगळवला. तो केळ्यासारखा वाकला होता. "भाऊ, हे दोन पाइप कायले लावून राहिले? डबल-शीट बसवाची आहे का?" त्याचं बरोबरच होतं.

दुकानात एक्सल मोजायला व्हर्नियर लागत नाही. खिशात १७ चा पाना ठेवा. १४ मिलिमीटरच्या एक्सलच्या नटाला साधारण १७ चा पाना बसतो. १७ चा ढिला होऊन १५ चा किंवा त्याहून लहान पाना बसला तर एक्सल बारीक आहे, त्यावर पेग लावू नका. पेगशिवाय पहिले काही आठवडे मात्र त्याच सायकलवर काढता येतात. भाचीनं तसेच काढले.

बाकी गोष्टी महत्त्वाच्या क्रमानं:

• फ्रेमची वरची नळी. रस्त्यावरच्या उड्यांच्या बीएमएक्सला ती साडेवीस-एकवीस इंच असते, फ्लॅटलँडच्या सायकलला साडेअठरा ते साडेएकोणीस. नळी आखूड असली की सायकल पटकन फिरते. पण पहिल्या वर्षासाठी लांब नळीची जुनी सायकल चालते. त्या फरकासाठी नवी घेऊ नका.

• पेग. अ‍ॅल्युमिनियमचे, खरबरीत पृष्ठभागाचे हवेत. स्ट्रीटवाल्यांचे पेग मुद्दाम गुळगुळीत असतात, कारण त्यांना कठड्यावर घसरायचं असतं. त्यांच्यावर पाय टिकत नाही. पेगवर जुनी ट्यूब चढवायची युक्ती मीही केली, घामानं आणि धुळीनं ती साबणासारखी होते. स्केटबोर्डची खरबरीत चिकटपट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर लेथवाल्याकडून पेगवर बारीक खाचा पाडून घ्या.

• टायर. फ्लॅटलँडला गुळगुळीत, कमी नक्षीचा आणि हवेनं टणक झालेला टायर लागतो. या खेळाचे टायर ८० ते १०० पीएसआय दाब घेतात. मुलांच्या सायकलचा टायर याच्या निम्मंही घेत नाही. टायरच्या कडेवर कमाल दाब लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरसमोर उभं राहू नका. आणि टणक भरलेली सायकल नवतपात गच्चीवर ठेवू नका. माझी ट्यूब भर दुपारी फुटली तेव्हा शेजारच्या काकूंना सिलिंडर गेल्यासारखं वाटलं.

• ब्रेक. सुरुवातीला दोन्ही हवेत. आजकालचे पुष्कळ रायडर ब्रेकच ठेवत नाहीत, तो त्यांचा प्रश्न. पुढच्या ब्रेकची तार चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीतून, मधल्या पोकळ बोल्टमधून जात असेल तर हँडल कितीही फिरवा, ती अडकत नाही. मागच्या ब्रेकसाठी गायरो नावाची चकती असते, तिनं तारेचा पीळ टळतो. नसला तरी पहिल्या वर्षी अडत नाही.

• फ्रीकोस्टर हब. सायकल मागे घरंगळली तरी पायडल फिरत नाही, असा हा हब. महाग आहे, नाजूक आहे, आणि नवशिक्यांना सगळ्यात आधी हाच घ्यावासा वाटतो. साध्या हबवर सायकल मागे गेली की पायडल उलटं येऊन नडगीवर बसतं. त्यावर फुटबॉलचं पॅड बांधणं स्वस्त पडतं.

बाहेरून सुटे भाग मागवले तर कुरिअर कंपनी आधार किंवा पॅनची प्रत, पत्ता आणि खरेदीचं बिल मागते, आणि वर सीमाशुल्क लागतं. माझं एक पार्सल बिलावर फक्त 'धातूचे भाग' लिहिलं होतं म्हणून १० दिवस अडकलं. विकणाऱ्याला आधीच सांगा, 'सायकलचे पेग' असं स्पष्ट लिही म्हणावं.

३. सामान आणि कागद

हत्यारं: १७ ची गोटी (सॉकेट पाना) आणि तिला लांब एक्स्टेन्शन. पेगच्या नळीच्या तळाशी नट असतो, साधा पाना आत जातच नाही. मी पहिल्या दिवशी पाना, पकड आणि शेवटी शिव्या, असं सगळं वापरून पाहिलं. याशिवाय ५ आणि ६ ची अ‍ॅलन की, दाब दाखवणारा पंप, थोडं ग्रीस.

अंगावर: हेल्मेट. फुटबॉलचे नडगीचे पॅड. सपाट, पातळ तळव्याचे कापडी बूट. जाड खाचांचे स्पोर्ट्‌स शूज नकोत, पेग पायाला जाणवत नाही. बूट महागाचे घेऊ नका, कारण टायर तळव्यानं घासायचा असतो आणि एकच बूट आधी झिजतो. माझ्याकडे डाव्या पायाचे तीन धडधाकट बूट पडून आहेत. सायकलला धातूच्या खिळ्यांचे पायडल असतील तर काढून प्लॅस्टिकचे लावा.

कागद: मैदान किंवा कोर्ट वापरायचं असेल तर सोसायटीच्या किंवा संस्थेच्या नावानं साधा अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि मूल १८ च्या आतलं असेल तर पालकांचं संमतीपत्र. जुनी सायकल घेतली असेल तर विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या आणि फ्रेमचा नंबर तीवर लिहून घ्या. हा नंबर बहुधा पायडलच्या खालच्या नळीवर कोरलेला असतो.

४. जागा शोधणं

तुम्हाला वाटेल, नागपुरात जागेची काय कमी! कस्तुरचंद पार्क केवढं मोठं आहे. पण ती माती आहे, रेशीमबागही माती. मातीत पुढचं चाक रुततं. फुटाळा तलावाचा काठ सपाट आहे, पण संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि लहान मुलं धावत असतात. पेव्हर ब्लॉक बसवलेली अंगणं दिसायला सपाट, पण प्रत्येक फटीत चाक गचकतं.

मग आपल्या शहराचे सिमेंट रस्ते. मला वाटलं होतं, यासाठीच बांधलेत. गल्लीतला नवा सिमेंट रस्ता बघून सकाळी साडेपाचला गेलो. दोन गोष्टी कळल्या. गाड्या घसरू नयेत म्हणून ओल्या सिमेंटवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्यांच्यावरून चाक फिरताना घर्रर्र आवाज येतो आणि हँडल हातात थरथरतं. पडलात तर किसणीवर पडल्यासारखं होतं. शिवाय प्रत्येक पाटीच्या जोडावर डांबराची भेग असते. वरून तो रस्ता आहे, सकाळचा दूधवालाही गाडी घेऊन येतोच. तो नाद सोडा.

खरी जागा म्हणजे बास्केटबॉल कोर्ट. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं, अर्धं मिळालं तरी भरपूर. शाळा-कॉलेजांत आणि क्रीडा मंडळांत कोर्ट आहेत, सकाळी लवकर बहुधा रिकामी असतात. जाऊन भेटा, अर्ज द्या, सायकल दाखवा. नकार येतो तो बहुतेक दोन कारणांनी: पेगनं फरशी खरवडेल आणि टायरचे काळे डाग पडतील. पहिल्यासाठी पेगच्या टोकांना प्लॅस्टिकची टोपणं लावा. दुसरी तक्रार खरी आहे. काळ्या टायरनं डाग पडतातच, त्यामुळे सराव संपल्यावर ओल्या फडक्यानं पुसून देईन असं आधीच कबूल करा आणि खरंच पुसा. एका ठिकाणी मला पंधरा दिवसांत बाहेर काढलं, कारण मी फक्त कबूल केलं होतं.

कोर्ट नाही मिळालं तर सोसायटीचं तळघरातलं पार्किंग. दुपारी गाड्या गेल्यावर ५ बाय ५ मीटरचा चौकोन मोकळा सापडला तरी पहिले तीन महिने निघतात. तिथं उन्हाची काळजी नाही. गुळगुळीत टाइल असेल तर मात्र नको.

जागा सपाट आहे का हे डोळ्याला कळत नाही. टेनिसचा चेंडू मध्यभागी ठेवा आणि हात काढा. तो हळूहळू एका बाजूला गेला तर सरावात तुमची सायकलही तिकडेच जाईल आणि तुम्ही दोष स्वतःला देत बसाल. चेंडूनंतर खराटा. दोन मिनिटं झाडून घ्या. गुलमोहराची पाकळी टायरखाली आली की केळ्याच्या सालीची गरज पडत नाही.

वेळेचं सांगायचं तर एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यानंतर घरी. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत सिमेंट रात्री नऊलाही गरम असतं. संध्याकाळी गारवा आला असं वाटून गेलात तर खालून भट्टी लागते. पावसाळ्यात कोर्टवरच्या रंगवलेल्या रेषा ओल्या झाल्या की काचेसारख्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम, पण त्यातच संक्रांत येते. जानेवारीत उघड्या मैदानावर नायलॉन मांजा लोंबकळत असतो. गळ्याला मफलर गुंडाळा किंवा ते पंधरा दिवस छताखाली सराव करा. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

५. उतरणं

सगळ्यांना लगेच पेगवर उभं राहायचं असतं. मी भाचीला पहिले काही आठवडे पेगच लावू दिले नाहीत. ती रुसली. "मामा, तू मला फक्त पडायला शिकवतोय." पडायला नाही, उतरायला.

फ्लॅटलँडमध्ये प्रत्येक युक्ती शंभरातल्या नव्वद वेळा फसते. फसल्यावर तुम्ही दोन पायांवर उभे असलात तर तिसाव्या सेकंदाला पुन्हा प्रयत्न करता येतो. आडवे झालात तर त्या दिवसाचा सराव संपतो. म्हणून प्रत्येक युक्ती शिकण्याआधी तिच्यातून बाहेर कसं पडायचं, ते ठरवून त्याचाच सराव करायचा.

मागून उतरणं: हळू चालवा, मागचा ब्रेक दाबा, हँडल स्वतःकडे ओढून पुढचं चाक उचला आणि दोन्ही पाय मागे जमिनीवर ठेवून उभे राहा. हँडल हातातच हवं. सायकल तुमच्यासमोर उभी राहील, घोडा मागच्या पायांवर उभा राहतो तशी. वीस वेळा करा. मग मुद्दाम जास्त ओढा आणि तरीही पायांवर या.

पुढून उतरणं जास्त महत्त्वाचं, कारण भीती पुढे पडण्याचीच असते. सायकल उभी धरा, डावा पाय डाव्या पायडलवर, उजवा पाय फ्रेमवरून पुढे आणून हँडलच्या पुढे जमिनीवर ठेवायचा आणि सायकल मागे सोडून द्यायची. आधी उभ्या सायकलवर, मग चालण्याच्या वेगात. सायकल आपटेल. आपटू द्या. जे लोक सायकल वाचवायला जातात त्यांचं मनगट जातं.

मनगटाचं लक्षात ठेवा: पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकू नका, कोपर वाकवा, खांद्यावरून घरंगळा. घरी गादीवर चार वेळा करून बघा. चाळिशीत हे गादीवरही सोपं नाही.

६. पहिल्या चार गोष्टी, याच क्रमानं

जागच्या जागी उभं राहणं. पायडल आडवे समांतर, पुढे असलेल्या पायाच्या बाजूला हँडल अर्धं वळवलेलं, मागच्या ब्रेकवर एक बोट. नजर चाकावर नको, चार-पाच मीटर पुढच्या एखाद्या खुणेवर. १० सेकंद जमले की पुढे जा.

लहान वर्तुळ. खडूनं ३ मीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्यातून बाहेर न जाता फिरा, दोन्ही दिशांनी. हे कंटाळवाणं आहे आणि मी परतल्यावर टाळलं. फ्लॅटलँडच्या बहुतेक युक्त्या वर्तुळातच फिरतात. शरीर आत किती झुकवायचं हे इथं शिकला नाहीत तर पुढे प्रत्येक युक्तीत वेगळं शिकावं लागतं. एक दिशा सोपी जाईल, ती तुमची बाजू.

पेगवरून घरंगळणं. आता पेग लावा. थोडा वेग घेऊन एक पाय मागच्या पेगवर, मग दुसरा. पाय नेताना पेगकडे बघू नका, टाचेनं शोधा. तळव्याचा मधला भाग पेगवर यायला हवा, चवडा नाही. त्यानंतर एक पाय मागच्या पेगवर आणि दुसरा हवेत ठेवून पुढचं चाक जरासं उचला. याला डोर्क मॅन्युअल म्हणतात. पुढचं चाक खूप वर गेलं तर मागच्या ब्रेकला हलका स्पर्श, ते खाली येतं. तरी नाही आलं तर मोकळा पाय मागे जमिनीवर, म्हणजे पाचव्या पायरीतलं मागून उतरणं.

एन्डो. चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलायचं. ब्रेक झटक्यानं दाबू नका, लिंबू पिळल्यासारखा दाबत न्या. हात ताठ, कंबर मागे. चाक एक वीतभर उचललं तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ. ब्रेक नसेल तर बुटाचा तळवा चिमट्याच्या मागच्या बाजूनं टायरवर अडकवून हेच होतं, पण तेव्हा वेग खरोखर मुंगीचा ठेवा. पाय अडकला की सायकल विचारून थांबत नाही.

भाचीला या चार गोष्टींना सात आठवडे लागले. मला चार. मात्र माझे गुडघे त्यानंतर दोन आठवडे बसले, त्यामुळे जवळजवळ बरोबरी झाली.

७. हँग फाइव्ह: पहिली खरी युक्ती

एक पाय पुढच्या पेगवर, दुसरा हवेत लोंबकळता, मागचं चाक वर आणि तुम्ही पुढच्या चाकावर सरळ घरंगळताय. इतकीच आहे, आणि तीन-चार महिने खाते.

डावा पाय पुढच्या डाव्या पेगवर ठेवून, उजवा पायडलवर ठेवून आधी नुसतं चालवा. या अवस्थेत हँडल अचानक जड लागतं. त्याची सवय होऊ द्या, दोन दिवस लागतात. मग उजवा पाय पायडलवरून सोडून मागून पुढे झुलवा आणि त्याच क्षणी पुढच्या ब्रेकला फक्त एक चिमटा. मागचं चाक उचललं की ब्रेक लगेच सोडा. माझं इथंच अडत होतं. मी ब्रेक धरूनच ठेवायचो, सायकल पुढे कलंडायची आणि मला वाटायचं माझा तोल वाईट आहे. एकदा भाचीनं मोबाइलवर चित्रण करून दाखवलं, तेव्हा ब्रेकवरचं बोट पांढरं पडलेलं दिसलं.

वर गेल्यावर तोल कसा सांभाळायचा? तळहातावर खराटा उभा धरून बघा. तो पुढे झुकला की हातही पुढे न्यावा लागतो. इथं तळहात म्हणजे पुढचं चाक. मागचं चाक खाली यायला लागलं तर ब्रेकला पुन्हा एक चिमटा, किंवा मोकळा पाय पुढे. पुढे कलंडायला लागलात तर ब्रेक अजिबात नको, कंबर आणि मोकळा पाय मागे. नाहीच सावरलं तर मोकळा पाय पुढे जमिनीवर आणि सायकल मागे सोडा. पोट हँडलच्या जवळ ठेवा. लांब राहिलात तर हात थरथरतात.

पहिलं ध्येय एक मीटर ठेवा. कोर्टवर फ्री-थ्रोची रेषा असते, तिच्यापासून खडूनं मोजायचं. भाचीनं एक दिवस न सांगता तीन मीटर काढले आणि मग खाली उतरून विचारलं, "मामा, बघितलं ना?" मी तेव्हा पंपाचा नळ जोडत होतो. व्हिडिओही नाही. आजही ती ते काढते.

यानंतर पुढच्या टायरला तळव्यानं थोडं थोडं ढकलत चाक फिरवणं शिका, त्याला स्कफिंग म्हणतात. मग स्टीमरोलर, म्हणजे फ्रेम फिरवून आपल्यापुढे आणायची, एका हातानं सीट आणि एका हातानं हँडल धरून पुढच्या चाकावर जायचं. पण हँग फाइव्ह १० मीटर जाईपर्यंत थांबा.

८. परतणाऱ्यांसाठी वेगळं

तुम्ही नव्वदच्या दशकात शिकला असाल तर तुमच्या अंगात वेगळा खेळ बसलेला आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बॉब हारोच्या काळात हे सुरू झालं, तेव्हा बहुतेक गोष्टी ब्रेक दाबून, जागच्या जागी उड्या मारत होत. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या केव्हिन जोन्सनं ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात टायर पायानं घासत, चाक फिरतं ठेवून करायच्या युक्त्या आणल्या आणि खेळ घरंगळायला लागला. आपल्याकडे ते फार उशिरा पोचलं. मी स्वतः उड्या मारणाऱ्यांतला होतो. परतल्यावर दर अडचणीत बोट ब्रेककडे जायचं.

उपाय एकच सापडला: आठवड्यातून एक दिवस पुढच्या ब्रेकची तार सोडून ठेवायची. सुरुवातीला काहीच जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीर आपोआप वेगानं तोल सांभाळायला लागतं. मात्र मागचा ब्रेक ठेवा, आणि हा प्रयोग एन्डो पक्का झाल्यावरच.

जुन्या आठवणीवर वजनाचा हिशोब करू नका. १७ वर्षांचा असताना मी ५२ किलोचा होतो, आता ७८ चा आहे. पेगचे नट दर सरावाआधी गोटीनं तपासतो आणि दर महिन्याला मागच्या चाकाच्या तारा सायकलवाल्याकडून बघून घेतो. चाक आउट झालं असेल तर तो लगेच सांगतो.

सराव ४० मिनिटांचा, आठवड्यातून चार दिवस. तीन तास एकाच रविवारी करणाऱ्याला सोमवारी जिना उतरता येत नाही. डोक्याला मार लागला आणि त्यानंतर उलटी, गरगरणं, विसरल्यासारखं होणं यातलं काहीही झालं तर हळदीचं दूध पिऊन झोपू नका, दवाखान्यात जा. मनगटाची सूज दोन दिवसांत उतरली नाही तर एक्स-रे काढा. मी आठ दिवस क्रेप बँडेजवर काढले, आत बारीक भेग होती.

९. जोडणं

सुट्या युक्त्या आल्या म्हणजे फ्लॅटलँड आलं असं नाही. एकीतून दुसरीत पाय न टेकता जाणं, ते जोडणं. सगळ्यात सोपी जोडी: मागच्या पेगवरून घरंगळणं, तिथून पायडलवर परत, लगेच डावा पाय पुढच्या पेगवर आणि हँग फाइव्ह. मधल्या पायडलच्या पावलात तुम्ही थांबाल, सगळे थांबतात. म्हणून तेवढाच तुकडा वेगळा काढून सराव करा: पेगवरून पायडल, पायडलवरून पेग, पुढे काही नाही.

भाचीनं यासाठी वही केली आहे. डावीकडे आजचे प्रयत्न, उजवीकडे पाय न टेकता किती वेळा. काल ४१ प्रयत्नांत ३ झाले होते. त्याखाली तिनं लिहून ठेवलंय, 'मामा: १७ मध्ये ०, नंतर चहा'.